पोलीस इमारतीच्या आवारात शिल्प उभारायचे आहे? प्रस्तावापासून देखभालीपर्यंतचे टप्पे

पोलीस ठाण्याची किंवा अधीक्षक कार्यालयाची नवी इमारत आकाराला येऊ लागली की एखाद्या आढावा बैठकीत कोणीतरी म्हणतेच की दर्शनी भागात एक चांगले शिल्प हवे. सगळे माना डोलावतात, इतिवृत्तात एक ओळ पडते आणि ते काम ज्याच्या गळ्यात पडते त्याला सुरुवात कोठून करावी हे सांगणारा माणूस सापडत नाही. सातारा जिल्ह्यातील अशाच एका कामात समन्वयक म्हणून मी फाईलच्या मागे फिरलो आहे. साताऱ्यात किंवा सांगलीत हे काम पहिल्यांदा अंगावर घेणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, लिपिकासाठी किंवा नागरिक समितीच्या सदस्यासाठी हे लिहीत आहे.

पुढचे सर्व टप्पे एकाच गोष्टीभोवती रचलेले आहेत. शिल्प मातीत असेपर्यंत त्यात हवा तो बदल करता येतो, धातूत गेल्यावर प्रत्येक बदल म्हणजे कापाकापी असते. त्यामुळे जागा, पैसा, परवानगी आणि आकृती हे चारही प्रश्न भट्टी पेटण्याआधी सुटलेले असले पाहिजेत.

१. व्यक्तीचा पुतळा की प्रतीकात्मक शिल्प, हे आधी ठरवा

हा निर्णय अभिरुचीचा वाटतो, पण प्रत्यक्षात सगळा कागदोपत्री मार्ग त्यावरून ठरतो. राष्ट्रपुरुष किंवा थोर व्यक्तींच्या पुतळ्यासाठी सामान्य प्रशासन विभागाच्या २ मे २०१७ च्या शासन निर्णयातील मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. त्यानुसार प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जातो, माती-नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते आणि त्याच व्यक्तीचा दुसरा पुतळा २ किलोमीटरच्या परिसरात नसावा, ही अटही पाळावी लागते. साताऱ्यासारख्या शहरात, जेथे पोवई नाक्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा आधीपासून आहे, तेथे ही एकच अट अनेक कल्पना पहिल्याच दिवशी बाद करते.

प्रतीकात्मक शिल्पाचा मार्ग तुलनेने सोपा असतो. हुतात्मा पोलिसांचे स्मारक, रक्षणाची कल्पना मांडणारी रचना, भिंतीवरील उठावशिल्प असे पर्याय त्यात येतात. तरीही माझा आग्रह असा की, त्यात ओळखू येणारा मानवी चेहरा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी अभिप्राय घ्यावा. ‘हा पुतळा नाही, शिल्प आहे’ हा युक्तिवाद तोंडी टिकत नाही.

सातारा जिल्ह्यात २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्याला पकडताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांचे नाव हमखास पुढे येते, आणि ते स्वाभाविकही आहे. जावळी तालुक्यातील केडंबे हे त्यांचे गाव, आणि त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले आहे. अशा व्यक्तीचे शिल्प करायचे असेल तर कुटुंबीयांची लेखी संमती प्रस्तावाच्या पहिल्या पानांत असावी. शेवटी जोडायचा कागद म्हणून ती मागू नये, कारण चेहऱ्याचे संदर्भ-फोटोही त्यांच्याकडूनच मिळणार असतात.

२. जागा निवडताना पोलिसांच्या नजरेने पाहा

शिल्पकार आणि वास्तुविशारद जागा बघतात ती प्रवेशद्वाराच्या मध्यरेषेवर. पोलीस आवारात तेवढे पुरत नाही. गेटवरील पहारेकऱ्याला रस्त्यापासून दारापर्यंत सलग दिसले पाहिजे, अग्निशमन बंब आणि कैद्यांची गाडी वळली पाहिजे, ध्वजस्तंभ व संचलनाची जागा मोकळी राहिली पाहिजे. शिल्पाच्या मागे किंवा पोटात पिशवी लपवता येईल अशी पोकळी नसावी, ही सूचना कोणत्याही कलापुस्तकात नसते. मुख्यालयाचे राखीव पोलीस निरीक्षक मात्र ती पहिल्याच भेटीत करतात. त्यांना जागेच्या पाहणीला न्यायचेच.

जागा आवाराच्या भिंतीच्या आतच असावी. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि अशाच वापराच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये असा आदेश दिलेला आहे, त्यामुळे ‘इमारतीसमोरच्या चौकात बसवू’ ही सूचना कितीही वजनदार माणसाकडून आली तरी नम्रपणे बाजूला ठेवावी. झाड तोडावे लागत असेल तर त्याची परवानगी स्वतंत्र घ्यावी लागते.

सांगलीत पुराचा विचार आधी करावा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, आणि तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जागा पूररेषेत येत असेल तर चौथऱ्याची उंची, पायातील बोल्टचा धातू आणि दिव्यांची वायरिंग या तिन्ही गोष्टी त्या पाण्याच्या हिशेबाने ठरवाव्या लागतात.

३. पैसा कोठून येणार

साधारण तीन वाटा असतात. इमारतीच्या अंदाजपत्रकातच शिल्पाची तरतूद असेल तर काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडून किंवा महाराष्ट्र राज्य पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळाकडून होते आणि तोच मार्ग सर्वांत स्वच्छ आहे. दुसरी वाट जिल्हा नियोजन समितीच्या निधीची. तिसरी वाट देणगीची किंवा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची.

तिसऱ्या वाटेवर सावध राहा. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृतीचा विषय आहे, पण पोलीस कल्याण असा स्वतंत्र विषय नाही. सशस्त्र दलांविषयीचा जो विषय आहे तो जिल्हा पोलिसांना आपोआप लागू होत नाही. त्यामुळे कंपनीला पत्र लिहिताना प्रस्ताव कलाकृतीचा म्हणून मांडावा आणि तो निधीत बसतो का हे कंपनीच्या सचिवांकडून लेखी घ्यावे. त्याहून नाजूक प्रश्न देणगीदाराचा आहे. आज देणगी देणारा उद्या त्याच ठाण्यात आरोपी किंवा फिर्यादी म्हणून उभा राहू शकतो, आणि त्याचे नाव कोनशिलेवर कोरलेले असेल तर ते खोडायचे कसे? देणगी स्वीकारण्यास वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी घ्यावी, रक्कम अधिकृत खात्यात घ्यावी आणि दर्शनी भागात देणगीदाराचे नाव असणार नाही हे पहिल्याच पत्रात लिहावे. ज्यांना ते मान्य नसते ते तेथेच थांबतात, हा या अटीचा मोठा फायदा आहे.

अंदाजपत्रक करताना सगळे लक्ष शिल्पाकडे जाते. चौथरा, दगडी आवरण, दिवे, संरचना अभियंत्याचे शुल्क, वाहतूक, क्रेन, विमा आणि वस्तू व सेवा कर या बाबी वेगळ्या ओळींत लिहिल्या नाहीत तर त्या पुढे ‘जादा बाब’ म्हणून येतात, आणि जादा बाबीची मंजुरी मूळ मंजुरीपेक्षा जास्त वेळ खाते.

४. परवानगीच्या फाईलमध्ये काय असावे

व्यक्तीच्या पुतळ्यासाठी खालील कागद एकत्र करा. प्रतीकात्मक शिल्पासाठी यांतील काही लागणार नाहीत, पण फाईल पूर्ण असलेली कधीही बरी.

• जागेच्या मालकीचा पुरावा: मालमत्ता पत्रक किंवा सातबारा उतारा, आणि जागेचा मोजणी नकाशा
• नगरपालिकेचा किंवा महानगरपालिकेचा ठराव व ना-हरकत दाखला
• चौथऱ्यासह संपूर्ण रचनेचा, मोजमापे दाखवणारा नकाशा
• संरचना स्थैर्याविषयी सार्वजनिक बांधकाम विभागाचा अभिप्राय
• माती-नमुन्याची चारही बाजूंची छायाचित्रे आणि कला संचालनालयाची मान्यता
• कायदा व सुव्यवस्थेच्या दृष्टीने पोलिसांचा ना-हरकत दाखला
• निधीच्या उपलब्धतेचे पत्र आणि प्रशासकीय मान्यता
• देखभाल व पावित्र्य राखण्याची लेखी हमी
• कुटुंबीयांची संमती, लागू असल्यास

पोलीस इमारतीसाठी पोलिसांचाच ना-हरकत दाखला कशाला, असे वाटून तो कागद गाळू नका. अर्जदार आणि दाखला देणारे कार्यालय एकच असले तरी छाननी करणाऱ्याच्या तक्त्यात तो रकाना असतो आणि रिकामा रकाना म्हणजे परत आलेली फाईल.

आणखी एक सल्ला. पोलीस अधीक्षकांची बदली या कामाच्या मध्यावर होण्याची शक्यता मोठी असते. जे तोंडी ठरले ते नव्या साहेबांना माहीत नसते आणि माहीत असण्याचे कारणही नसते. प्रत्येक निर्णयाची टिपणी लिहून तिच्यावर स्वाक्षरी घेत जा. निवडणुकांच्या आचारसंहितेचे महिनेही वेळापत्रकात आधीच धरा, कारण त्या काळात निविदाही अडते आणि अनावरणही.

५. शिल्पकार निवडणे

शासकीय खरेदीत सर्वांत कमी दराला झुकते माप असते, आणि शिल्पाच्या बाबतीत तेच सर्वांत धोक्याचे आहे. नियम मोडून यातून सुटका होत नाही, पण नियमांतच वाट आहे. दोन लिफाफा पद्धतीत, म्हणजे पात्रतेचे कागद एका लिफाफ्यात आणि दर दुसऱ्यात, तांत्रिक लिफाफ्याच्या अटी कडक ठेवता येतात: याच आकाराच्या पूर्ण केलेल्या कामांचे दाखले, प्रत्यक्ष पाहता येईल असे किमान एक काम, आणि दीड-दोन फुटी नमुना. निवडक शिल्पकारांकडून नमुना मागवणार असाल तर त्यांना ठरावीक मानधन द्या. फुकट नमुना मागितला की चांगले शिल्पकार येत नाहीत. नमुन्याला गुण कसे देणार हे निविदेतच जाहीर करा आणि परीक्षकांत पोलीस खात्याबाहेरचा किमान एक कलाशिक्षक घ्या. महाटेंडर या शासनाच्या ऑनलाइन निविदा संकेतस्थळावर निविदा कोणत्या रकमेपासून लागते ती मर्यादा बदलत असते, म्हणून चालू शासन निर्णयाची प्रत फाईलला लावा.

कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे पुतळ्यांचे काम करणारे स्टुडिओ आहेत. साताऱ्यातील परीक्षकांनी निवडीपूर्वी औंधच्या श्री भवानी संग्रहालयात एक दिवस घालवावा, असे मी सुचवीन. तेथे हेन्री मूर यांचे एक छोटे दगडी शिल्प आहे. आकार लहान असूनही शिल्पाला वजन कसे येते, हे त्यासमोर उभे राहिल्यावर कोणत्याही व्याख्यानाशिवाय कळते, आणि मग ‘जितके उंच तितके चांगले’ हा बैठकीतला सूर जरा खाली येतो.

दराबाबत एक सापळा नेहमीचा आहे. शिल्पकार बहुधा फुटावर दर सांगतात. पण फूट कोठून कोठपर्यंत? टाचेपासून डोक्यापर्यंत, की उंचावलेल्या हाताच्या टोकापर्यंत, की चौथऱ्यासह? ही व्याख्या निविदेत आकृती काढून दाखवावी.

६. करारनाम्यातील कलमे

देयके टप्प्यांवर बांधावीत: नमुना मान्यता, पूर्णाकृती माती-नमुन्याची मान्यता, ओतकाम, जागेवर उभारणी, आणि काही रक्कम दोष दायित्व कालावधी (ज्या मुदतीत निघालेले दोष शिल्पकाराने दुरुस्त करून द्यायचे असतात तो काळ) संपल्यावर. आगाऊ रकमेसाठी बँक हमी घ्यावी. धातूची घटकवार टक्केवारी, पत्र्याची किमान जाडी आणि आतील सांगाड्याचा धातू करारातच लिहावा.

शिल्पकाराच्या हक्कांचे कलम आपल्याकडे सर्रास सुटते. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार कलाकृती विकल्यानंतरही तिची मोडतोड किंवा विद्रूपीकरण झाल्यास कलावंताला दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य ब्राँझ भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले, त्यावरून ते न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत करण्याचा व ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. उद्या इमारतीचा विस्तार झाला आणि शिल्प हलवावे लागले तर काय करायचे, शिल्पकाराला किती दिवस आधी कळवायचे, हे करारातच ठरवून ठेवावे.

७. माती-नमुन्याची पाहणी

सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस. पाहणीला फक्त वरिष्ठांना नेऊ नका. गणवेश रोज अंगावर घालणारा एक हवालदार आणि एक महिला कर्मचारी सोबत असलीच पाहिजे. साहेब चेहरा आणि एकूण रुबाब पाहतात, तर हवालदार पट्ट्याचे बक्कल, टोपीचा कल, बुटाच्या नाड्या आणि लाठी धरलेल्या मुठीतील अंगठा पाहतो. आमच्याकडे शिल्पातील अधिकारी सहायक उपनिरीक्षक असायचा होता. एका हवालदाराने स्टुलावर चढून खांद्याजवळ डोळे नेले, बोटाने ओल्या मातीवरचा दुसरा तारा दाखवला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, ह्यो फौजदार झाला.’’ सहायक उपनिरीक्षकाला एक तारा, उपनिरीक्षकाला दोन. शिल्पकाराने हत्याराच्या टोकाने तो तारा तेथल्या तेथे खरवडून काढला. तोच ब्राँझमध्ये असता तर खांदा कापून नव्याने जोडावा लागला असता.

पाहणी करताना आकृती ज्या उंचीवर बसणार त्या हिशेबाने खालून पाहा, म्हणजे स्वतः खाली बसून किंवा नमुना उंच ठेवून. डोळ्यासमोर बरोबर दिसणारे डोके चौथऱ्यावर गेल्यावर लहान दिसते, आणि अनुभवी शिल्पकार ते आधीच थोडे वाढवून घेतो. मान्यतेचे दिवस लांबले तर माती सुकते. एप्रिल-मेच्या उन्हात ओली फडकी आणि वर प्लॅस्टिक असूनही तडे जातात. म्हणून मान्यता देणाऱ्यांची तारीख आधी पक्की करावी आणि मगच शिल्पकाराला पूर्णाकृती हाती घ्यायला सांगावे.

राजचिन्ह शिल्पात घ्यायचा मोह आवरा. चार सिंहांच्या मुद्रेच्या वापरावर २००५ च्या कायद्याचे निर्बंध आहेत, त्यामुळे गणवेशावरील बारीक चिन्ह सोडून ती स्वतंत्र सजावट म्हणून वापरण्याआधी परवानगीचा प्रश्न सोडवावा लागतो. पोलीस दलाचे बोधचिन्हही अधिकृत चित्रावरूनच घ्यावे, इंटरनेटवरच्या कोणत्याही प्रतीवरून नव्हे.

कला संचालनालयाकडे जो नमुना मान्य झाला आणि प्रत्यक्षात जे उभे राहणार, त्यांत फरक पडू देऊ नका. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण होऊन २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यानंतर सहा फुटी नमुन्याची मान्यता आणि पस्तीस फुटी प्रत्यक्ष पुतळा हा मुद्दा पुढे आला. तेव्हापासून छाननी अधिक काटेकोर झाली आहे आणि ते योग्यच आहे.

८. ओतकाम

मोकळ्या जागेतील शिल्पासाठी ब्राँझ हाच माझा कौल आहे. ८५ टक्के तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५ टक्के हे मिश्रण पुतळ्यांसाठी रुळलेले आहे. फायबर स्वस्त आणि हलके असते, पण उन्हाने त्याचा रंग उडतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यामुळे ते आतल्या दालनापुरतेच ठेवावे. काळ्या पाषाणातील उठावशिल्प हा आपल्या भागाला शोभणारा आणि कमी देखभालीचा पर्याय आहे, याचा विचार फार कमी जण करतात.

कोल्हापूर आणि सांगली-मिरज पट्ट्यात औद्योगिक फाउंड्री भरपूर आहेत आणि कोणीतरी ‘आपल्या ओळखीचा फाउंड्रीवाला निम्म्या दरात ओतून देतो’ असे सांगणारच. यंत्राचे सुटे भाग ओतणे आणि मेणाच्या साच्यातून पातळ, एकसारख्या जाडीची आकृती ओतणे ही दोन वेगळी कसबे आहेत. शिल्पकाराचीच भट्टी किंवा त्याने सुचवलेली भट्टी घ्यावी.

वजनाचा ढोबळ हिशेब स्वतः करता येतो. ८ मिलिमीटर जाडीच्या ब्राँझचा एक चौरस मीटर साधारण ७० किलो भरतो. नऊ फुटी उभ्या आकृतीचे क्षेत्रफळ सहा चौरस मीटरच्या आसपास धरले तर चारशे किलोंहून अधिक धातू लागेल. बिलात वजन याहून खूप कमी असेल तर पत्रा पातळ आहे, खूप जास्त असेल तर आत काय भरले आहे ते पाहा.

भट्टीवर जाताना सोबत टेप, जाडी मोजण्याचे कॅलिपर, टॉर्च, कॅमेरा आणि एक साधा लोहचुंबक न्या. ब्राँझला चुंबक चिकटत नाही. आतल्या सांगाड्याला आणि बोल्टला चुंबक घट्ट चिकटला तर ते साधे लोखंड आहे, आणि ब्राँझच्या पोटात ओलाव्याने गंजणारे लोखंड हा पुतळ्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. मालवणच्या चौकशीतही गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग हीच कारणे पुढे आली. सांगाडा स्टेनलेस स्टीलचाच घ्या. त्याच ओतणीतील एक नमुना तुकडा सर्वांसमक्ष सील करून प्रयोगशाळेत पाठवा.

९. चौथरा आणि उभारणी

चौथऱ्याचे काम इमारतीच्या ठेकेदाराकडे आणि शिल्प शिल्पकाराकडे, अशी विभागणी असेल तर दोघांमध्ये बोल्टच्या जागांचा एकच सही केलेला नकाशा हवा. वाऱ्याचा भार भारतीय मानक ८७५ आणि भूकंपाचा भार मानक १८९३ नुसार काढलेला असावा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप ज्या जिल्ह्याने सोसला, तेथे ही औपचारिकता नाही. आराखड्याची फेरतपासणी कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून किंवा सांगलीच्या वालचंद महाविद्यालयाकडून करून घेण्याचा प्रयत्न करावा.

वाहतुकीसाठी आधी रस्त्यावरच्या वीजतारांची आणि गेटच्या कमानीची उंची मोजा. हायड्रा (फिरती क्रेन) आवारात वळेल का, तिचे पाय ड्रेनेजच्या झाकणावर येतील का, हे आदल्या दिवशी पाहा.

१०. कोनशिला आणि अनावरण

कोनशिलेचा मजकूर कोरण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या माणसांनी तपासावा. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद चुकीचे कोरलेले पाहायला मिळते. हुतात्म्यांची नावे असतील तर हुद्दा, बक्कल क्रमांक आणि दिनांक सेवापुस्तकावरून घ्या. नावांचा क्रम हुद्द्यानुसार लावण्यापेक्षा तारखेनुसार लावा, म्हणजे कुटुंबीयांत नाराजी राहत नाही आणि पुढे नाव वाढवणेही सोपे जाते. स्मारक असेल तर २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृती दिन अनावरणाला योग्य. १९५९ मध्ये लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे हुतात्मा झालेल्या दहा जवानांच्या स्मरणार्थ तो पाळला जातो. मात्र तारीख आधी जाहीर करून ओतकामाची घाई करू नका.

११. ताबा आणि देखभाल

शिल्प बसल्यावर त्याची नोंद कार्यालयाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, झाली पाहिजे. नोंद नसलेल्या वस्तूच्या देखभालीला खर्चाचे शीर्ष मिळत नाही. शिल्पकाराकडून देखभालीची लेखी पद्धत घ्या: साध्या पाण्याने व मऊ कापडाने धुणे, पक्ष्यांची विष्ठा लगेच काढणे, पावसाळ्यापूर्वी वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात देणे, आणि पायाचे बोल्ट व सांधे तपासून तारखेसह फोटो ठेवणे. लिंबू, चिंच, पितांबरी यांनी घासायचे नाही, हे सफाई कर्मचाऱ्यांना समोर बोलावून सांगावे लागते, कारण घरची तांब्याची भांडी त्यांनीच लखलखीत ठेवलेली असतात आणि काळपट शिल्प त्यांना मळलेले वाटते.

१५ ऑगस्ट आणि १ मे जवळ आला की आवारातील कुंड्या, कठडे आणि ध्वजस्तंभ यांची रंगरंगोटी निघते, आणि त्याच डब्यातला सोनेरी ऑइलपेंट शिल्पावर चढतो. त्यामुळे रंगकामाच्या प्रत्येक कार्यादेशात ‘शिल्प वगळून’ हे दोन शब्द लिहिण्याची सूचना लेखा शाखेला लेखी देऊन ठेवा.